पेनिक घराण्याची चौकशी

माणसाच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसतो, हे तत्त्व माझ्या बायकोच्या आत्यांइतकं प्रेमाने आणि आनंदाने पाळणारं दुसरं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. संशयी माणसं तुमच्याही ओळखीत असतील, पण ती बहुतेक आतून कडवट असतात, कोणीतरी कधीतरी फसवल्याचा राग त्यांच्या बोलण्यात डोकावतो. आत्यांचं तसं नाही. समोरचा खोटं बोलतोय असं त्यांना कधीच वाटत नाही. त्याला स्वतःलाच नीट माहीत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं असतं. "कोण म्हणालं?" हा त्यांचा पहिला प्रश्न आणि "लिहिलंय कुठे?" हा दुसरा. ब्रिस्टलच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक गृहस्थ मोदक खाता खाता आपले पूर्वज पेशव्यांकडे सरदार होते असं सांगत होते आणि ऐकणारे माना डोलवत होते. आत्यांनी त्यांच्या मोदकावर तूप वाढलं आणि अगदी मायेने विचारलं, "सनद कोणाकडे असते हल्ली, थोरल्या घराकडे का?" पुढच्या वर्षी ते गृहस्थ आले, पण सरदार आले नाहीत. पत्रिकेवरही त्यांचा विश्वास नाही. ज्योतिष खोटं असतं असं मात्र त्या म्हणत नाहीत. त्यांची शंका त्याच्या आधीची आहे: जन्मवेळ लिहिली कोणी? दाईने सांगितली असेल तर दाईकडे घड्याळ होतं का, आणि असलं तर ते बरोबर चालत होतं का?

आत्या लग्न होऊन ब्रिस्टलला आल्या तेव्हा त्यांचे यजमान विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. घरात बसून कंटाळा आला म्हणून आत्यांनी एका सॉलिसिटरच्या ऑफिसात टायपिंगची नोकरी धरली, आणि रिटायर होईपर्यंत त्याच ऑफिसात घरांच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रं तपासली. विकणारा खरंच मालक आहे का, मागचं कुंपण कोणाचं, गटार कोणाच्या हद्दीतून जातं, हे बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यामुळे घर म्हटलं की आपल्याला भिंती दिसतात, आत्यांना हद्दी दिसतात. आम्ही इथे घर घ्यायला निघालो तेव्हा बायकोने हौसेने त्यांना बरोबर नेलं. आत्यांनी किचन बघितलं नाही, बेडरूम बघितल्या नाहीत. त्या थेट मागच्या अंगणात गेल्या आणि गटाराच्या झाकणापाशी छत्री धरून विचार करत उभ्या राहिल्या. मग त्यांनी जुने कागद मागवले आणि शोधून काढलं, की शेजारच्या घराला आमच्या अंगणातून कोळशाची पोती नेण्याचा हक्क कोणे एके काळी दिलेला आहे आणि तो कोणी काढून घेतलेला नाही. घरोघरचा कोळसा बंद होऊन जमाना लोटला होता. शेजाऱ्यालाही या हक्काचा पत्ता नव्हता. आम्ही घर घेतलं, आत्या वास्तुशांतीला आल्या, आणि त्यांनी चहा पिता पिता शेजाऱ्याला त्याचा हक्क नीट समजावून सांगितला. कागदावर त्याचं आहे, तर त्याला कळायला नको का? तेव्हापासून तो दर आठवड्याला आपली कचऱ्याची चाकांची व्हीली बिन माझ्या टोमॅटोंच्या शेजारून ओढत नेतो आणि नेताना मला हात करतो. मी तक्रार केली तर आत्या म्हणाल्या, "कोळसा नेऊ शकतो म्हणजे राखही नेऊ शकतो, जावईबुवा. आणि राख म्हणजे कचराच की."

अशा या आत्यांची मुलगी लग्न करायचं म्हणाली, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

रेवा ही त्यांची एकुलती एक. जन्म इथला, नोकरी इथेच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची. मराठी तिला सगळी समजते, बोलताना मात्र शब्दांची लिंगं आपापल्या जागा सोडतात. वडील गेल्यावर ती आईकडे जास्तच येऊ लागली होती, आणि एका रविवारी येताना बरोबर नेथनला घेऊन आली. नेथन अमेरिकेतला, व्हर्जिनियाचा. नोकरीसाठी ब्रिस्टलला आलेला, उंच, शांत, आणि पहिल्याच जेवणात पिठलं पुन्हा मागून घेणारा. आत्यांना अमेरिकन जावई चालेल का, याची आम्हाला उगाच धाकधूक होती. मुलगा अमेरिकन आहे याचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांनी पापड पुढे केला आणि कुठलीही आत्या विचारेल तेच विचारलं: घराणं कुठलं?

नेथनला हा प्रश्न फार आवडला. तो खुशीत सांगू लागला, की त्याचं पेनिक घराणं मूळचं या ब्रिस्टलचंच. व्हर्जिनिया इंग्रजांची वसाहत होती त्या काळात पहिला पेनिक इथल्याच बंदरातून जहाजात बसून तिकडे गेला. चांगला खानदानी माणूस होता, राजाने त्याला जमीन दिली. त्यांच्या घरात हे लहान मुलालासुद्धा ठाऊक असतं.

"कोण म्हणालं?" आत्यांनी विचारलं.

आजी सांगायची, असं नेथन म्हणाला. रेवाने डोळे मिटून घेतले.

स्थळाची चौकशी आपल्याकडे सगळेच करतात. मुलाच्या गल्लीत कोणी ओळखीचं निघतं का बघतात, त्याच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी मेव्हण्याला फोन लावतात, आणि मुलगा पीत नाही ना एवढं कळलं की पत्रिका छापायला टाकतात. आत्या त्या आठवड्यात बसने शहराच्या आर्काइव्हमध्ये गेल्या आणि तीनशे-साडेतीनशे वर्षं मागे जाऊन चौकशीला लागल्या. तिथे पेन चालत नाही, फक्त पेन्सिल चालते, जुन्या वह्या मऊ उशीवर ठेवून उघडाव्या लागतात, आणि मोठ्याने बोलायचं नाही. हे नियम आत्यांना इतके पसंत पडले, की घरी आमच्याकडे वाढदिवसाच्या जेवणाला आल्यावर आमच्या गोंगाटाकडे त्या जरा दुःखानेच बघू लागल्या. जुनं इंग्रजी वळण वाचायला त्या स्वतःच शिकल्या. इथलं झालं की घरी कॉम्प्युटरवर व्हर्जिनियातले कागद: खरेदीखतं, वाटण्या, मृत्युपत्रं, तिथल्या छोट्या कोर्टांच्या कामकाजाच्या वह्या. बरंचसं स्कॅन करून ठेवलेलं असतं, बघणारं कोणी नसतं. आत्या बघत होत्या. पेनिक हे नाव कुठे पेनॉक, कुठे पिनक, एका ठिकाणी तर फक्त पिंक असं लिहिलेलं होतं. रेवा म्हणाली ही वेगळी माणसं असतील. आत्या म्हणाल्या, कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलंय, आपल्या मतदार यादीत ज्ञानेश्वरचं काय होतं ते बघ एकदा.

हे पेनिक म्हणजे आपल्याच वाई-साताऱ्याकडची माणसं आहेत, असं आत्यांचं लवकरच मत झालं. एका भावाची डुकरं दुसऱ्याच्या मक्यात शिरत आणि दोघे कोर्टात जात. हद्दीची खूण म्हणून धरलेला ओक वादळात पडे, मग तो नक्की कुठे उभा होता यावर साक्षी होत. खरेदीखतात लिहिलेलं असे, की लाल ओकापासून ओढ्याच्या कडेने पेनिकच्या कोपऱ्यापर्यंत, तिथून खुणा केलेल्या पाइनपर्यंत, तिथून दलदलीच्या तोंडाशी. आत्यांनी मला ते वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, ही चतुःसीमाच झाली, पूर्वेस ओढा, पश्चिमेस भाऊबंद. त्या या लोकांबद्दल चालू काळात बोलू लागल्या. बायकोला फोन करून सांगायच्या, की जॉन परत खोटी साक्ष देऊन आलाय आणि त्याची बायको बाळंतपणाला आलीय. बायको बरेच दिवस समजत होती की जॉन हा आत्यांच्या गल्लीतला कोणी आहे.

हद्दी जुळवण्यासाठी त्यांनी वॉलपेपरच्या गुंडाळीची पाठ जेवणाच्या टेबलावर अंथरली आणि तिच्यावर सगळ्या जमिनींचा नकाशा काढायला घेतला. तो हलवायचा नव्हता. त्यामुळे त्या सगळ्या हिवाळ्यात आम्ही रविवारी व्हर्जिनियावर जेवलो. भांडं कुठे ठेवायचं याचे नियम होते. "आमटी त्या दलदलीवर ठेवा, तिथे कोणाचीच मालकी नाही," असं आत्या सांगायच्या, आणि मीठ मागितलं की ते ओढ्याच्या पलीकडून यायचं. एकदा माझ्याकडून कोशिंबिरीचं दही जॉनच्या धाकट्या भावाच्या जमिनीत सांडलं. पुढच्या आठवड्यात तो तुकडा कोरडा करून पुन्हा मोजलेला होता.

पहिल्या पेनिकचा शोध लागला तेव्हा मी तिथे होतो. तो खानदानी वगैरे नव्हता. जहाजाचं भाडं द्यायला जवळ काही नसल्यामुळे, तिकडे जाऊन काही वर्षं मालकाकडे राबेन, या करारावर ब्रिस्टलच्या बंदरातून गेलेला तो एक कोवळा पोरगा होता. व्हर्जिनियाच्या कोर्टात त्याचं नाव पहिल्यांदा आलं ते तो मालकाकडून पळून जंगलात लपला आणि सापडला म्हणून. कोर्टाने शिक्षा म्हणून त्याच्या राबण्याची मुदत वाढवली. राजाने जमीन दिल्याचा कागद कुठे नव्हता. मुदत संपल्यावर त्याने एका विधवेशी लग्न केलं, आणि जमीन तिची होती. हे नेथनला सांगायचं कसं, याची रेवाला काळजी.

"आई, माझा लग्न आहे, केस नाही," ती म्हणाली.

"माझं लग्न," आत्यांनी दुरुस्त केलं.

"तुझा नाही, माझा."

आत्यांनी नेथनला सरळ सांगितलं. तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. खानदानी पूर्वजाचं त्याला लहानपणापासून ओझंच वाटत होतं म्हणे. पळून जंगलात लपणारा त्याला जवळचा वाटला. त्या दिवसापासून आत्या त्याला 'आपला नेथन' म्हणू लागल्या. मला जावई होऊन इतकी वर्षं झाली तरी मी अजून 'जावईबुवा'च आहे.

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्या पोरग्याचा नातू वारला तेव्हा कोर्टाने शेजारच्या चार लोकांना त्याच्या घरातल्या वस्तूंची यादी करायला सांगितलं होतं. तांब्याचं पातेलं, गाई, पलंग, आणि मग त्याच ओळीत, त्याच अक्षरात, फिलिस, सीझर, लहानगी जूडी. गुलाम माणसं. आडनावं नाहीत, वय एवढंच की जूडी लहान आहे. आत्यांचा त्या आठवड्यात कोणालाच फोन आला नाही. रविवारी त्यांनी सगळ्यांना आधी जेवू घातलं, मग ते पान नेथनसमोर ठेवलं आणि त्याला ती नावं मोठ्याने वाचायला सांगितली. त्याने वाचली, सावकाश, एकेक करून. मग म्हणाला, की असं असणार हे त्याच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, पण नावं कोणाला माहीत नव्हती. आत्या म्हणाल्या, आता तुला माहीत आहेत. त्यानंतर त्यांनी नकाशावर हिरव्या पेन्सिलीने त्या तिघांचा माग काढायला घेतला. फिलिस पुढच्या एका मृत्युपत्रात सापडली, दुसऱ्याच घराकडे गेलेली. सीझर आणि जूडी कुठेच सापडले नाहीत. हिरवी रेघ ओढ्यापाशी थांबली ती थांबलीच.

सुझॅना त्यांना सापडली ती याच शोधात. फिलिस ज्या घराकडे गेली, त्या घरातली ही एक सून. तिच्या वडिलांकडून तिला जमीन आली होती आणि तिचा नवरा ती विकायला निघाला होता. त्या काळच्या कायद्याने बाईची सही नवऱ्यासमोर घेऊन चालत नसे. कोर्टातले लोक तिला बाजूला नेत, नवऱ्याच्या नजरेआड, आणि विचारत, की हे तू राजीखुशीने करते आहेस, का कोणाच्या भीतीने? बहुतेक कागदांवर याची एक ठराविक ओळ असते: विचारलं, तिने हो म्हटलं. आत्यांनी अशा ओळी कितीतरी वाचल्या होत्या. सुझॅनाच्या कागदावर लिहिलं होतं, की विचारलं, आणि तिने नाही म्हटलं. विक्री तिथेच थांबली होती. आत्यांनी नकाशावर तिच्या जमिनीभोवती लाल गोल काढला. पण तिचं कौतुक करता करता त्यांचं बोट हिरव्या रेघेवर गेलं. फिलिस याच बाईकडे होती. "स्वतःला विचारलेलं हिला कळलं बरोबर," आत्या म्हणाल्या. "फिलिसला कोणी विचारलं असेल का, हे काही हिच्या मनात आलं नसणार."

वसंतात रेवा आणि नेथन लग्नाची नोटीस द्यायला रजिस्ट्री ऑफिसात गेले. आत्यांकडे परत आले ते वैतागून; आम्हीही तिथेच होतो. तिथल्या बाईंनी दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवून प्रश्न विचारले होते, जणू काही चोरी पकडायची होती, असं रेवाचं म्हणणं. आत्या पोळ्या करत होत्या. त्यांनी तवा खाली उतरवला आणि विचारलं, वेगळं बसवून? एकेकटं? रेवा हो म्हणाली. आत्या खुर्चीवर बसल्या, आणि आम्ही कोणी न विचारता त्यांनी आम्हाला त्यांच्या सहीची हकीकत सांगितली. इतक्या वर्षांत ती माझ्या बायकोलाही माहीत नव्हती.

आत्यांची आई गेली तेव्हा त्या एकट्याच भारतात गेल्या होत्या. वाईजवळ त्यांच्या माहेरची हळदीची जमीन आहे. आईचे दिवस झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या भावाने, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांना गाडीत बसवून सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात नेलं. तिथे हक्कसोडपत्र तयार होतं. भावाने बोटाने दाखवलं, इथे आणि इथे. सगळ्या बहिणी करतात, म्हणाला. आत्यांनी इथे आणि इथे सही केली, अंगठा दिला, फोटो काढला. येताना भावाने त्यांना उसाचा रस पाजला. आयुष्यभर लोकांना एकेक ओळ वाचायला लावणाऱ्या आत्यांनी त्यातली एक ओळही वाचली नव्हती. त्यांच्या ऑफिसात कोणी असं केलं असतं तर त्यांनी त्याला घरी परत पाठवलं असतं.

"आणि जमीन मी बहुतेक दिलीच असती," त्या म्हणाल्या. "मी इथे बसून हळद काय लावणार होते? पण विचारलं असतं तर मी दिली असती. आता ती नुसती गेली."

माझी बायको उठून आत्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिचेच वडील. मग तिने विचारलं, बाबांशी मी बोलू का? आत्यांनी नको म्हणून सांगितलं. दादा लग्नाला येतोय, पाहुणा म्हणून येतोय, त्याला काही बोलायचं नाही, असं त्यांनी आमच्याकडून कबूल करून घेतलं, आणि तवा परत गॅसवर ठेवला.

सासरे आले. निवृत्त हेडमास्तर, आवाज अजून वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा, सामानात रेवासाठी पैठणी, आत्यांसाठी मेतकूट आणि घरची हळद. उतरले आमच्याकडे. पहिल्याच रविवारी आम्ही त्यांना आत्यांकडे जेवायला नेलं. टेबल बघून त्यांनी विचारलं, हा काय पसारा, जेवायच्या टेबलावर? आत्यांनी सांगितलं की जावयाचं घराणं आहे. आम्हाला वाटलं सासरे हसून सोडून देतील. पण जमीन म्हटल्यावर त्यांना राहवेना. चष्मा लावून ते वाकले, आणि ओढ्याने आपलं पात्र बदललं असलं पाहिजे, नाहीतर ही हद्द बसत नाही, असं त्यांनी निदान केलं. आत्यांना ते पटलं नाही. मग दोघं भाऊबहीण पेन्सिली घेऊन दुपारभर त्या नकाशावर भांडले. आमटी गार झाली, ती पुन्हा गरम करून बायकोने दलदलीवर ठेवली. इतकं मन लावून ती दोघं बोलताना मी कधी बघितलं नव्हतं. एरवी फोनवर त्यांचं तब्येत आणि हवा यापुढे जात नसे.

जेवणानंतर सासऱ्यांनी लाल गोलावर बोट ठेवलं आणि ही कोणाची जमीन म्हणून विचारलं. आत्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, उतरवला नाही, बाकीच्या हद्दी सांगितल्या तशाच सुरात सांगितलं: बाईला नवऱ्यापासून बाजूला नेलं, राजीखुशीने देतेस का विचारलं, ती नाही म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. विक्री थांबली."

सासऱ्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा घातला. ते त्या गोलाकडे बघत राहिले. माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं. आम्ही कोणी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

"तुला मी येताना उसाचा रस पाजला होता," सासरे म्हणाले.

"आलं घातलेला," आत्या म्हणाल्या.

सासरे उठले. "आत ये जरा," म्हणाले, आणि आत्यांना घेऊन किचनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर आम्ही चौघं. किचनमधून भांड्याचासुद्धा आवाज येत नव्हता. नेथनने हळूच विचारलं की आत काय चाललंय. रेवा म्हणाली, "कोर्ट." त्याने मान हलवली, जणू त्याच्याही घरी रविवारी हेच चालत असावं. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि आत्यांनी चहा कोणाकोणाला हवा ते विचारलं. सासरे त्यांच्या मागे उभे होते. त्यांचे डोळे लाल झालेले होते आणि हातात साखरेचा डबा होता.

कप विसळायला मी आत गेलो तेव्हा आत्यांनी मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"त्याने विचारलं, तेव्हा सही राजीखुशीने केली होतीस का. मी म्हटलं, नाही. तर लगेच म्हणाला, पुण्याला गेलो की वकिलाला गाठतो, कागद फिरवून घेऊ. मी म्हटलं, दादा, तू परत माझ्यासाठी ठरवतोयस. आधी विचार. आता द्यायची आहे का, ते विचार."

"मग विचारलं त्यांनी?"

"विचारलं. मी म्हटलं, हो. आता देते."

त्यांनी माझ्या हातातला कप घेतला, उजेडात धरून बघितला, आणि नीट विसळलेला नाही म्हणून परत दिला.

लग्न छान झालं. रजिस्ट्री ऑफिसात सगळे सह्यांसाठी थांबले होते आणि आत्या तो कागद वाचत होत्या. पूर्वी इथे लग्नाच्या कागदावर फक्त वडिलांचं नाव असायचं, आता आईचंही असतं, तिच्या व्यवसायासकट. त्या रकान्यापाशी आत्या जरा जास्तच थांबल्या. रजिस्ट्रारबाईंनी अदबीने विचारलं, काही चुकलंय का? आत्या म्हणाल्या, नाही, बरोबर आहे, आणि चष्मा पर्समध्ये ठेवला. नेथनच्या आईने येताना एक पाइनचं शंकूसारखं फळ आणलं होतं, त्या जुन्या जमिनीजवळचं. इतक्या लांबून हेच आणल्याबद्दल त्या बिचाऱ्या ओशाळल्या होत्या. आत्यांनी ते खिडकीत ठेवलं, आणि विहीणबाईंना फिलिसबद्दल जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. त्या दोघी बागेत बराच वेळ बसल्या होत्या.

आता रेवा आणि नेथन व्हर्जिनियात राहतात. आत्या एकट्याच आहेत, पण कामात आहेत. जूडीचा शोध अजून चालू आहे. आम्ही रविवारी सकाळी त्यांच्याकडे जातो तेव्हा सहसा त्या फोनवर असतात. लग्नाहून परत गेल्यापासून सासऱ्यांनी एक नवीन सवय लावून घेतली आहे. रविवारी ते पुण्याहून एसटीने वाईला जातात, शेतावर पोचले की आत्यांना व्हिडिओ कॉल लावतात, आणि फोन हातात धरून बांधावरून चालत चालत त्यांना जमीन दाखवतात. फोन कसा धरायचा हे त्यांना जमत नाही. आत्यांना दिसतं ते बहुतेक आभाळ, मध्येच त्यांच्या चपला, कधी अर्धा कान. हे बघ, हळदीला कोंब आले, असं ते सांगतात, आणि आत्या, दिसले, म्हणतात. इकडे विहिरीकडून पाट नवा काढलाय, दिसतोय का? दिसतोय.

परवा मी न राहवून म्हटलं, की मी सांगतो त्यांना, फोन फिरवून धरायला. आत्यांनी मला हातानेच थांबवलं. स्क्रीनवर नुसतं पांढरं आभाळ हलत होतं आणि वाऱ्याचा आवाज येत होता.

"राहू द्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जे दिसत नाही, ते मला कळतंय. चढावर दम लागतोय त्याला, ऐका. मागच्या वर्षी इतका लागत नव्हता."